जाँ बुगाटी: रिव्हेट न लपवणारा डिझायनर आणि त्याची हरवलेली काळी गाडी

मोबाईलवर कधी कार रेसिंगचा गेम खेळला असाल, तर बुगाटी हे नाव तुम्हाला नवीन नाही. व्हेरॉन, शिरॉन या गाड्या गेममध्ये अनलॉक करायला किती कॉइन्स लागतात, हेही कदाचित तोंडपाठ असेल. पण स्केल मॉडेल जमवणाऱ्यांना विचारा. त्यांच्या काचेच्या कपाटात मधोमध बहुतेक वेळा एक वेगळीच बुगाटी असते. लांबलचक बॉनेट, थेंबासारखा उतरता मागचा भाग, आणि नाकापासून शेपटीपर्यंत पाठीवरून गेलेली एक उभी शिवण. त्या शिवणीवर ओळीने रिव्हेट.

या गाडीचं नाव टाइप ५७ एससी अटलांटिक. खऱ्या आकारात अशा फक्त ४ गाड्या बनल्या. छोट्या मॉडेलच्या रूपात मात्र ती जगभरातल्या घरांत पोहोचली आहे. तिला हा आकार देणारा माणूस होता जाँ बुगाटी. तो गेला तेव्हा त्याचं वय होतं फक्त ३० वर्षं. त्याने स्वतःसाठी ठेवलेली अटलांटिक आज कुठे आहे, हे कोणालाच माहीत नाही.

आज जाणून घेऊया हा जाँ कोण होता, ती शिवण आली कुठून, आणि तळहातावर मावणारं मॉडेल घेताना त्याची गोष्ट माहीत असली तर काय फरक पडतो.

कलाकारांच्या घरातला मुलगा

जाँचा जन्म १५ जानेवारी १९०९ रोजी जर्मनीतल्या कोलोन शहरात झाला. पूर्ण नाव जानोबेर्तो मारिया कार्लो बुगाटी. घराणं मूळचं इटलीतल्या मिलानचं. आजोबा कार्लो बुगाटी फर्निचर आणि दागिन्यांचे नावाजलेले डिझायनर. काका रेम्ब्रांट बुगाटी प्राण्यांची शिल्पं घडवायचे. वडील एत्तोरे मात्र इंजिनांच्या नादाला लागले.

जाँचा जन्म झाला त्याच वर्षी एत्तोरे यांनी अल्सास प्रांतातल्या मोल्सहाइम या छोट्या गावात स्वतःचा कारखाना सुरू केला. हा भाग तेव्हा जर्मनीत होता. पहिल्या महायुद्धानंतर तो फ्रान्सकडे आला. म्हणजे बघा, इटालियन घराणं, जर्मनीत जन्म आणि गाड्या फ्रेंच!

जाँ या कारखान्यातच लहानाचा मोठा झाला. इंजिनिअरिंग तो कॉलेजच्या वर्गात नाही, तर कारखान्याच्या जमिनीवर शिकला. लेथवर काम करणारे कारागीर, ड्रॉइंग बोर्डवर वाकलेले रेखाटनकार, पत्रा ठोकून आकार देणारे लोक, हीच त्याची शाळा. आजोबांकडून आकाराची नजर आणि वडिलांकडून यंत्राची समज, असं दोन्ही त्याच्याकडे आलं होतं.

भावासाठी बनवलेली अर्धी गाडी

स्केल मॉडेल म्हणजे खऱ्या गाडीचे सगळे मापं एकाच प्रमाणात लहान करून बनवलेली प्रतिकृती. बुगाटी कुटुंबाने स्वतः असा एक प्रयोग केला होता, आणि तोही चालवता येण्यासारखा.

१९२४ साली आलेली टाइप ३५ ही बुगाटीची सगळ्यात गाजलेली रेसिंग कार. जाँचा धाकटा भाऊ रोलां १९२२ साली जन्मला होता. तो चार वर्षांचा होणार म्हणून १९२६ मध्ये एत्तोरे आणि जाँ यांनी त्याच्यासाठी टाइप ३५ ची अर्ध्या आकाराची प्रतिकृती बनवली. तिच्यात पेट्रोलचं इंजिन नव्हतं. बॅटरी आणि इलेक्ट्रिक मोटर होती! आज आपण ज्याला ईव्ही म्हणतो, त्याची ही पोरांसाठीची आवृत्ती.

खरं तर ती एकच बनणार होती. पण कारखान्यात येणाऱ्या श्रीमंत गिऱ्हाइकांनी ती पाहिली आणि आपल्या मुलांसाठीही मागायला सुरुवात केली. मग कंपनीने टाइप ५२ या नावाने ती विकायला काढली. लोक तिला बेबी बुगाटी म्हणू लागले. १९३६ पर्यंत अशा सुमारे ५०० गाड्या बनल्या. २०१९ साली कंपनीच्या ११० व्या वर्षाच्या निमित्ताने याच कल्पनेवरून बेबी टू आणली गेली. ती मूळ गाडीच्या तीन चतुर्थांश आकाराची आहे आणि तीही इलेक्ट्रिकच.

सगळ्यात मोठी गाडी आणि हेडलाइट नसलेला रोडस्टर

एत्तोरे यांचं एक मोठं स्वप्न होतं. राजेमहाराजांसाठी जगातली सगळ्यात भव्य गाडी बनवायची. त्यातून टाइप ४१ रोयाल जन्मली. जवळपास १२.७ लिटरचं इंजिन, पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये ४.३ मीटर अंतर, आणि एकूण लांबी सुमारे ६.४ मीटर. रेडिएटरच्या टोपणावर सोंड उंचावून उभा असलेला हत्ती. तो रेम्ब्रांट काकांच्या शिल्पावरून घेतलेला.

१:४३ या स्केलमध्ये याच रोयालच्या चाकांमधलं अंतर होतं बरोबर १० सेंटिमीटर. म्हणजे साधारण तुमच्या तळहाताएवढं.

२५ रोयाल बनवायचं ठरलं होतं. पण १९२९ नंतर जगभर मंदी आली आणि फक्त ६ बनल्या. त्यातल्या तीनच त्या काळात विकल्या गेल्या. उरलेल्या इंजिनांचं करायचं काय? कंपनीने ती रेल्वेच्या वेगवान डब्यांमध्ये बसवली. राजेमहाराजांसाठी बनलेलं इंजिन शेवटी रेल्वेच्या साध्या प्रवाशांना ओढू लागलं, आणि त्यातूनच कंपनी तगली.

विकल्या गेलेल्या पहिल्या रोयालची बॉडी जाँने डिझाइन केली. गिऱ्हाईक होते कपड्यांचे मोठे व्यापारी आर्मां एस्देर्स. ते रात्री गाडी चालवत नसत, म्हणून त्यांना हेडलाइट नको होते. १९३२ च्या या रोडस्टरला जाँने हेडलाइट दिलेच नाहीत. समोरून मडगार्डांची वळणं अखंड दिसतात, मध्ये काहीच अडथळा नाही. तेव्हा जाँ २३ वर्षांचा होता.

पुढे ती गाडी दुसऱ्या मालकाकडे गेली आणि तिची बॉडी काढून वेगळीच चढवण्यात आली. म्हणजे जाँचा मूळ रोडस्टर आज अस्तित्वात नाही. फ्रान्समधल्या म्युलूझ शहरातल्या गाड्यांच्या संग्रहालयात त्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे. बाकी ठिकाणी तो फोटोंत आणि मॉडेलांतच भेटतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे आपल्याला परत लागणार आहे.

बाप-लेकाची ओढाताण

एत्तोरे आपल्या मतांवर ठाम असायचे. जाँला नवं काही आणायचं असलं की आधी घरातच लढाई.

१९२९ मध्ये अमेरिकेचा रेसर लिऑन ड्युरे आपल्या दोन मिलर रेसिंग कार घेऊन युरोपात आला होता. त्या गाड्यांच्या इंजिनात दोन कॅमशाफ्ट होते. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघड-बंद करणारा दांडा. दोन दांडे असले की आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वायूंचे व्हॉल्व्ह वेगवेगळे सांभाळता येतात, आणि इंजिनाला श्वास मोकळा घेता येतो. बुगाटीने त्या दोन्ही गाड्या घेतल्या आणि बदल्यात स्वतःच्या ३ टाइप ४३ गाड्या दिल्या. मिलरचं इंजिन उघडून अभ्यासलं गेलं. त्यानंतर टाइप ५० आणि टाइप ५१ मध्ये बुगाटीनेही दोन कॅमशाफ्ट आणले. या बदलामागे जाँचा आग्रह होता.

सगळ्या लढाया मात्र तो जिंकला नाही. टाइप ५७ वर काम करताना त्याने पुढच्या दोन चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन देऊन पाहिलं. म्हणजे एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याला धक्का बसू नये. एत्तोरे यांनी ते नाकारलं. पुढे आडवा अखंड एक्सलच राहिला.

गाडी वेगात पळवणं जाँला आवडायचं. १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या शेल्सली वॉल्शच्या घाटातल्या शर्यतीसाठी तो चारही चाकांना ताकद देणारी टाइप ५३ घेऊन गेला आणि सरावातच तिचा अपघात झाला. जाँ वाचला. मुलाने शर्यतीत उतरू नये, असं एत्तोरे यांना वाटायचं. पण कारखान्याच्या गाड्या रस्त्यावर तपासून बघणं हे त्याचं कामच होतं. ते कसं थांबवणार?

टाइप ५७: हवेला वाट करून देणारी गाडी

१९३४ मध्ये टाइप ५७ बाजारात आली. ८ सिलिंडर, सुमारे ३.३ लिटरचं इंजिन, दोन कॅमशाफ्ट. पुढच्या काही वर्षांत सगळे प्रकार धरून अशा सुमारे ७०० गाड्या बनल्या. इंजिन आणि सांगाडा एकच, वरच्या बॉडी वेगवेगळ्या. त्यांची नावंही भारी. व्हाँतू, स्टेल्व्हियो, गालिबिए ही डोंगर आणि घाटांची नावं. आतालांत हे ग्रीक कथेतल्या धावपटू नायिकेचं नाव.

त्या काळात जगभर स्ट्रीमलाइनिंगची हवा होती. अमेरिकेत क्रायस्लर एअरफ्लो आणि चेकोस्लोव्हाकियात टाट्रा ७७, दोन्ही १९३४ च्याच.

स्ट्रीमलाइनिंग म्हणजे काय? गाडी पळते तेव्हा तिला समोरची हवा बाजूला सारावी लागते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. आणि तो विरोध मोडून काढायला लागणारी इंजिनची ताकद होते आठपट! म्हणून वेगवान गाडीला नुसतं मोठं इंजिन पुरत नाही. हवा अंगावरून गुपचूप निघून जाईल असा आकार लागतो. पुढून गोलसर आणि मागे हळूहळू निमुळता, साधारण थेंबासारखा. मागचा भाग एकदम कापला की तिथे हवेचे भोवरे तयार होतात, आणि ते गाडीला मागे खेचतात.

अटलांटिकच्या मॉडेलला बाजूने बघा. छताची रेघ ड्रायव्हरच्या डोक्यावरून निघते आणि कुठेही न थांबता मागच्या टोकापर्यंत उतरत जाते. हे सगळं गणित त्या एका रेघेत आहे.

मॅग्नेशिअमची फीत आणि रिव्हेटची ओळ

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

१९३५ च्या पॅरिस मोटर शोमध्ये जाँने एक नमुना गाडी मांडली. नाव एरोलिथ, म्हणजे उल्का. तिची बॉडी इलेक्ट्रॉन नावाच्या धातूच्या पत्र्याची होती. अणूभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन वेगळा. हे मॅग्नेशिअमच्या मिश्रधातूचं व्यापारी नाव. ॲल्युमिनिअमपेक्षाही हलकं, म्हणून विमानं बनवणाऱ्यांना प्रिय.

पण मॅग्नेशिअमची एक खोड आहे. शाळेत सरांनी मॅग्नेशिअमची फीत जाळून दाखवली असेल, तर तो डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश आठवत असेल. असा पेट घेणारा पत्रा वेल्डिंग करून जोडायचा कसा?

जाँ आणि त्याच्या कारागिरांनी विमानांकडे पाहिलं. तिथे पत्रे रिव्हेटने जोडतात. मग गाडीच्या बॉडीचे डावा आणि उजवा असे दोन भाग केले. दोघांच्या कडा बाहेरच्या बाजूला उभ्या दुमडल्या, एकमेकांना चिकटवल्या आणि त्यांच्यातून आरपार रिव्हेट मारले. मडगार्डांनाही तसंच केलं. अशी ती उभी शिवण तयार झाली.

साधारण गॅरेजवाला काय करतो? जोड दिसला की पुट्टी भरतो, घासतो, वर रंग मारतो. जाँने उलटं केलं. जोड लपवता येत नाही म्हटल्यावर त्याने तो गाडीच्या बरोबर मध्यावर आणला आणि तीच तिची ओळख केली.

पुढे जे झालं ते आणखी मजेदार आहे. एरोलिथवरून विक्रीसाठी अटलांटिक बनवायची ठरली तेव्हा पत्रा निवडला ॲल्युमिनिअमचा. ॲल्युमिनिअमचं वेल्डिंग होऊ शकतं. म्हणजे शिवणीची आता गरजच उरली नव्हती. तरीही जाँने ती ठेवली. रिव्हेटसकट!

तुमच्या फोनमध्येही असं बरंच काही आहे. कॅमेऱ्यात फोटो काढला की खट् असा आवाज येतो. जुन्या कॅमेऱ्यात तो शटरचा खरा आवाज होता, फोनमध्ये तो मुद्दाम वाजवलेला असतो. कॉलच्या बटणावर अजून जुन्या लँडलाइनचा रिसीव्हर आहे. सेव्हच्या चिन्हावर फ्लॉपी डिस्क. एकेकाळची तांत्रिक गरज संपते, पण तिची खूण डिझाइनमध्ये राहून जाते. जाँने हे १९३६ मध्ये पत्र्यात करून दाखवलं होतं.

चार गाड्या, चार नशिबं

अटलांटिक बनली टाइप ५७ एसच्या सांगाड्यावर. एस म्हणजे फ्रेंचमध्ये सुरबेसे, खाली बसवलेली. गाडी इतकी खाली आणली की मागचा एक्सल सांगाड्याच्या खालून न जाता त्याच्या आतून आरपार काढावा लागला. सी म्हणजे कॉम्प्रेसर, आपल्या भाषेत सुपरचार्जर. इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप. तो बसवला की ताकद सुमारे २०० हॉर्सपॉवर आणि वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर. सन १९३६ ते १९३८ या काळात!

सुरुवातीला या गाडीला एरो कूपे म्हणत. जाँचा मित्र झाँ मर्मोझ हा फ्रान्सचा लाडका वैमानिक. टपाल घेऊन अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या पहिल्या वैमानिकांपैकी एक. ७ डिसेंबर १९३६ रोजी त्याचं विमान दक्षिण अटलांटिकवर नाहीसं झालं. त्याच्या आठवणीत जाँने गाडीला अटलांटिक हे नाव दिलं.

चारपैकी पहिली गेली ब्रिटनच्या व्हिक्टर रॉथशिल्डकडे. निळसर राखाडी रंगाची ती गाडी आज अमेरिकेत आहे. दुसरी काळी, ती जाँची. तिसरी १९५५ मध्ये फ्रान्समधल्या एका रेल्वे फाटकावर ट्रेनखाली सापडली. मालक गेला आणि गाडीचा चेंदामेंदा झाला. खूप वर्षांनी उरलेल्या भागांतून ती पुन्हा उभी केली गेली. चौथी आज फॅशन डिझायनर राल्फ लॉरेन यांच्या संग्रहात आहे. तीही आता काळी आहे, पण कारखान्यातून निघाली तेव्हा गडद निळी होती.

कारखान्याची जबाबदारी आणि ल मांची शर्यत

१९३६ मध्ये फ्रान्सभर कामगारांचे संप झाले. मोल्सहाइमचा कारखानाही बंद पडला. एत्तोरे यांना कामगार आपल्या कुटुंबातलेच वाटायचे, त्यामुळे हा संप त्यांच्या फार जिव्हारी लागला. ते पॅरिसला निघून गेले आणि बराचसा काळ तिथेच राहू लागले. मोल्सहाइमचा रोजचा कारभार आला २७ वर्षांच्या जाँवर.

याच काळात ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीसाठी टाइप ५७ वर एक रुंद, चाकंही झाकणारी बॉडी चढवण्यात आली. दिसायला कासवाच्या पाठीसारखी. लोक तिला टँक म्हणायचे. १९३७ मध्ये झाँ-पिएर विमी आणि रॉबेर बेन्वा यांनी टँक चालवून ल मां जिंकली. १९३९ मध्ये विमी आणि पिएर व्हेरॉन यांनी पुन्हा जिंकली, ताशी जवळपास १४० किलोमीटरच्या सरासरीने.

व्हेरॉन हे नाव ओळखीचं वाटलं ना? गेममधली ती गाडी याच रेसरच्या नावाने ओळखली जाते.

११ ऑगस्ट १९३९

ल मां जिंकून दोन महिनेही झाले नव्हते. पुढची शर्यत ला बोल इथे होती. त्यासाठी टँक तयार आहे का, हे तपासायला जाँ ११ ऑगस्टला संध्याकाळी उशिरा ती घेऊन निघाला. मोल्सहाइमजवळ, डुपिगहाइम गावापाशी एक सरळ रस्ता होता. चाचणीसाठी तो दोन्ही बाजूंनी अडवला होता. तरीही एक सायकलस्वार त्यावर आला. त्याला वाचवायला जाँने गाडी वळवली. त्या वेगात गाडी रस्ता सोडून झाडावर आदळली. जाँ गेला.

तीन आठवड्यांनी दुसरं महायुद्ध सुरू झालं. ला बोलची ती शर्यत झालीच नाही. अल्सासवर जर्मनांनी ताबा मिळवला आणि कारखाना एत्तोरे यांच्या हातून गेला. २१ ऑगस्ट १९४७ रोजी तेही वारले. ज्याच्यासाठी बेबी बुगाटी बनली होती, त्या रोलांने पुढे कंपनी सावरायचा प्रयत्न केला. पण जुने दिवस परत आले नाहीत, आणि १९६३ मध्ये कंपनी विकली गेली. आजची बुगाटी ही त्या नावाने नंतर नव्याने उभी राहिलेली कंपनी आहे.

काळी गाडी गेली कुठे?

जाँच्या काळ्या अटलांटिकला आज ला व्हॉत्यूर न्वार म्हणतात. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ सरळ आहे, काळी गाडी. कंपनीच्या माहितीपत्रकात तिचे फोटो होते. १९३७ मध्ये नीस आणि लिऑनच्या मोटर शोमध्ये ती मांडली होती. १९४१ च्या फेब्रुवारीत, जर्मनांपासून दूर ठेवण्यासाठी बोर्दोला रेल्वेने पाठवायच्या गाड्यांच्या एका यादीत तिच्यासारख्या गाडीची नोंद आहे. त्यानंतर तिचा काहीच पत्ता नाही.

ती सापडलीच, तर किंमत १० कोटी युरोंच्या वर जाईल असा बुगाटीचा स्वतःचा अंदाज आहे. २०१९ मध्ये कंपनीने तिच्या आठवणीत याच नावाची एकच एक नवी गाडी बनवली. कर सोडून किंमत १.१ कोटी युरो. तिच्याही पाठीवरून एक उभी रेघ जाते.

आता एस्देर्सचा रोडस्टर आठवा. मूळ गाडी नाही, प्रतिकृती आहे. एरोलिथचंही तेच. मूळ नमुना नाहीसा झाला, आणि जुन्या फोटोंवरून मॅग्नेशिअमच्याच पत्र्यात ती पुन्हा घडवावी लागली. जाँचं कितीतरी काम आज फोटो, ड्रॉइंग आणि प्रतिकृतींच्या आधारावर टिकून आहे. त्यामुळे मॉडेल बनवणारा रिव्हेटची ओळ नीट घालतो की नाही, याला महत्त्व आहे. जी वस्तू परत जाऊन मोजता येत नाही, तिची नक्कल चुकली की आपली आठवणही चुकते.

मॉडेल घेताना काय बघायचं?

जाँची गोष्ट कळली, आता तिचा उपयोग करू. अटलांटिकचं मॉडेल कधी हातात आलं, तर या गोष्टी तपासा.

*स्केल:* १:१८ म्हणजे खऱ्या गाडीचा अठरावा भाग. अटलांटिकच्या चाकांमधलं अंतर २.९८ मीटर. ते १:१८ मध्ये साधारण १६.६ सेंटिमीटर होतं आणि १:४३ मध्ये ६.९ सेंटिमीटर. १:४३ हे विचित्र प्रमाण आलं खेळण्यातल्या रेल्वेवरून. त्या ट्रेनशेजारी शोभतील अशा गाड्या बनवता बनवता तेच प्रमाण रूढ झालं.

*वजन:* लांबी अठरा पटींनी कमी झाली की वजन अठरा पटींनी कमी होत नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही घटतात, म्हणून ५८३२ पटींनी कमी व्हायला हवं. एक टनाची गाडी त्या हिशोबाने १७१ ग्रॅमची झाली पाहिजे. जस्ताच्या मिश्रधातूचं डाय-कास्ट मॉडेल याहून कितीतरी जड असतं. म्हणजे जड मॉडेल चांगलं वाटतं, पण वजन हा अचूकपणाचा पुरावा नाही.

*शिवण आणि रिव्हेट:* समजा खऱ्या रिव्हेटचं डोकं १ सेंटिमीटरचं आहे. १:४३ मध्ये ते पाव मिलिमीटरपेक्षाही लहान होतं. रंगाचा थर जाड बसला की ही सगळी नक्षी बुडून जाते. मॉडेलवर रंगाचा थर ०.१ मिलिमीटर असला, तरी खऱ्या गाडीवर तो ४.३ मिलिमीटरचा लेप दिल्यासारखा दिसेल! म्हणून काही महागड्या मॉडेलांत बारीक भाग एचिंगने बनवतात. धातूच्या पातळ पत्र्यावर नको तो भाग रसायनाने खाऊन टाकायचा आणि हवा तो ठेवायचा. तुमच्या फोनमधल्या सर्किट बोर्डवर तांब्याच्या रेषाही याच तत्त्वावर काढतात. फोटो झूम करा आणि बघा, शिवण छतावर आहे, बॉनेटवर आहे, मडगार्डांवरही आहे का?

*नाव:* अटलांटिक आणि आतालांत ही नावं ऐकायला सारखी आहेत. ऑनलाइन विक्रीत त्यांची सर्रास अदलाबदल होते. दोन्ही टाइप ५७, दोन्ही जाँच्याच. पण आतालांतच्या पाठीवर ती रिव्हेटची शिवण नाही.

*रंग:* काळी अटलांटिक दिसली की लगेच जाँची गाडी समजू नका. राल्फ लॉरेन यांचीही काळीच आहे. बॉक्सवर काय लिहिलंय ते वाचा. आणि निळसर राखाडी दिसली तर ती रॉथशिल्डवाली.

ऑटोआर्ट आणि जर्मनीची सीएमसी या दोघांनीही १:१८ मध्ये अटलांटिक बनवली आहे. त्यांचे फोटो शेजारी शेजारी लावून बघा. वरच्या पाचही गोष्टी ताडून बघायला हा चांगला सराव आहे, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

जाँने स्वतःच्या नावाची कंपनी काढली नाही, आणि मोल्सहाइमच्या कारभाराची जेमतेम तीन वर्षं त्याच्या वाट्याला आली. त्याच्या गाडीची खूण म्हणून राहिली ती एक शिवण, जी आधी नाइलाजाने आली आणि नंतर हौसेने ठेवली गेली. पुढच्या वेळी कुठल्या दुकानात किंवा स्क्रीनवर ती थेंबासारखी गाडी दिसली, तर आधी पाठीवर बघा. रिव्हेट मोजता आले, तर बनवणाऱ्याने आपलं काम केलं आहे.